पोलीस कोणाचे सेवक?

पोलीस जनतेचे की सरकारचे, हा प्रश्न पोकळ नव्हे. तुमची फिर्याद ठाण्यात नोंदली जाईल की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

९ सप्टेंबर १९४२ रोजी सातारा जिल्ह्यातील वडूज येथे कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. परकीय सत्तेचे पोलीस सत्तेचे रक्षण करणार, यात नवल ते काय? परंतु स्वराज्यात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सांगली शहर पोलीस ठाण्यात काय घडले? कोठडीतील तरुणाला मारहाणीत ठार केल्याचा, प्रेत आंबोलीस नेऊन जाळल्याचा व तो पळून गेल्याचा बनाव रचल्याचा आरोप खुद्द पोलिसांवर आला आणि त्यांच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. वडूजला राज्यकर्त्यांचे भय होते; सांगलीला जाब विचारणाऱ्याचे भयच उरले नव्हते.

१९५१ च्या पोलीस अधिनियमाचे कलम ४ पाहा: पोलीस दलावरील देखरेख राज्य शासनाकडे. कलम ६६ पाहा: रस्त्यावरील असहायास साहाय्य करणे, अटकेतील जखमी वा आजारी इसमास मदत मिळवून देणे, ही पोलिसांची जनतेप्रती कर्तव्ये. म्हणजे कर्तव्य जनतेप्रती, परंतु जाब मात्र शासनापुढे!

कोणी म्हणेल, निवडून आलेले सरकार म्हणजेच जनता. हा युक्तिवाद फोल आहे. सरकार बहुमताचे असते. कायदा गावकुसाबाहेरील एकट्या घराचाही असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात तशी दुरुस्ती केली, परंतु प्राधिकरणाच्या अहवालावर निर्णय घेणार पुन्हा शासनच!

म्हणून विनवणी करू नका, हक्क बजावा. फिर्याद लेखी द्या, तिची प्रत विनामूल्य मागून घ्या. ठाण्याने नकार दिल्यास ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही वाट आखून दिली आहे. 'बौद्ध झालात, आता अत्याचार प्रतिबंधक कायदा तुम्हांला नाही,' असे कोणी सांगू लागल्यास १९९० ची दुरुस्ती त्याच्यापुढे ठेवा. तिने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचे संरक्षण मान्य केले आहे. त्याच कायद्याच्या कलम ४ अन्वये कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा, अनुसूचित जाती-जमातींबाहेरील अधिकारी स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो.

पोलीस कोणाचे, याचा निवाडा मंत्रालयात होणार नाही. तुमच्या गावच्या ठाण्यात, तुमची फिर्याद नोंदविताना तो होणार आहे. तेथून हात हलवीत परत येऊ नका.