बेकारभत्ता हवा की विद्यावेतन?

पदवीचा निकाल लागला, की घरात पेढे येतात. वर्ष उलटले, की त्याच घरात येणारा-जाणारा विचारू लागतो, ‘काय, कुठे चिकटला का?’ मुलगा खाली मान घालून उठून जातो. अर्जाचे शुल्क, मुलाखतीला जाण्याचे भाडे यासाठी वडिलांपुढे हात पसरताना त्याला संकोच वाटतो. सरकारी मदतीची खरी गरज असते ती अशा वेळी. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या रूपाने मिळावी?

एक मार्ग बेकारभत्त्याचा. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२४ मध्ये ‘युवा निधी’ योजना सुरू केली. उत्तीर्ण होऊन सहा महिने नोकरी न मिळालेल्या पदवीधराला दरमहा ३,००० रुपये, पदविकाधारकाला १,५०० रुपये. तेही जास्तीत जास्त दोन वर्षे. नोकरी लागली की भत्ता बंद. राजस्थानने २०२२ पासून भत्त्याला कामाची जोड दिली. भत्ता घेणाऱ्याने सरकारी कार्यालयात रोज चार तास काम शिकावे, अशी अट घातली.

महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये सरळ प्रशिक्षणाचाच मार्ग धरला. ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’त १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांसाठी विद्यावेतन ठरले. बारावी झालेल्यास ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असल्यास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये. सहा महिन्यांची मुदत २०२५ मध्ये अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली.

पण मुदत संपल्यावर काय? योजनेत नोकरीची हमी नव्हती. कार्यालयात रुळलेली मुले पुन्हा घरी बसू लागली आणि कायम करण्याच्या मागणीसाठी २०२५ मध्ये त्यांनी आंदोलनेही केली. त्यांचे दुःख खोटे नव्हते. महिन्याच्या महिन्याला पैसे हाती आले, की घराचा हिशेब त्यावर बसतो. मग ते थांबले, की आधीपेक्षा जास्त ओढाताण होते.

जुना, काहीसा दुर्लक्षित मार्ग आहे तो शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या कायद्यानुसार कारखान्यात ठरावीक काळ काम शिकता येते, विद्यावेतनही मिळते. शिकवणाऱ्या कारखान्यावर नोकरी देण्याची सक्ती नाही. पण आयटीआयच्या उमेदवाराने शेवटची परीक्षा उत्तीर्ण केली, की मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशात कुठेही दाखवता येते.

म्हणून फॉर्म भरण्यापूर्वी आई-वडिलांनी मुलांबरोबर बसून तीन गोष्टी विचाराव्यात. नेमके कोणते काम शिकवणार? प्रमाणपत्र कोण देणार? आधी शिकून गेलेल्यांपैकी किती जणांना काम मिळाले? समाधानकारक उत्तरे मिळाली, तर विद्यावेतन थोडे कमी असले तरी बिघडत नाही. नुसत्या झेरॉक्स काढण्यात आणि फाइली इकडच्या तिकडे नेण्यात दिवस जाणार असतील, तर मात्र दहा हजारही महागात पडतात; कारण खर्च होते ते मुलाच्या उमेदीचे वर्ष!