दरड कोठवर येईल?

पनवेलच्या पूर्वेकडे माथेरान, प्रबळगड व इर्शाळगड हे डोंगर आपण नित्य पाहतों. पावसाळ्यांत त्यांची शोभा वर्णावी तितकी थोडीच. परंतु याच इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकूर बांधवांची वाडी ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरडीखालीं गाडली गेली. २७ देह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. तत्पूर्वीं २०१४ सालीं पुणें जिल्ह्यांतील माळीण व २०२१ सालीं महाडनजीकचें तळिये यांवरही हाच घाला पडला होता.

दरडीचा धोका असलेल्या गांवांच्या यादींत इर्शाळवाडीचें नांव नव्हतें, असें सरकारनेंच तेव्हां सांगितलें. यावरून आम्हांस वाटतें कीं, नुसत्या याद्यांवर भागणार नाहीं. दरड कोठें सुटेल हा एक प्रश्न. सुटलेली दरड कोठवर धांवेल हा दुसरा. माणसांचीं घरें बहुधा कड्यावर नसून दरडीच्या वाटेंत असतात; तेव्हां त्यांच्या जिवाचा निकाल दुसऱ्या प्रश्नावर लागतो.

आपल्या सह्याद्रींत काळ्या कातळावर झिजलेल्या मातीचा थर असतो. अतिवृष्टींत पाणी त्यांत मुरतें, खालीं कातळावर अडतें, कणांमधील दाब वाढतो व घर्षण घटतें. मग माती चिखल होऊन वाहूं लागते. ती किती दूर जाईल याचा अदमास करतां येतो. स्वित्झर्लंडमधील एल्म गांवावर १८८१ सालीं कोसळलेल्या दरडीचा अभ्यास आल्बर्ट हाइम या भूशास्त्रज्ञानें केला. दरडीचा माथा व शेवटचें टोंक यांस जोडणाऱ्या रेषेचा कल पाहण्याची रीत त्याच्याच नांवाशीं निगडित आहे. समजा, उंची १०० मीटर असून उंचीचें अंतराशीं प्रमाण एकास तीन आहे. तर दरड ३०० मीटर जाईल. तीच पाण्यानें पातळ होऊन प्रमाण एकास चार झालें, तर ४०० मीटर. साडेतीनशें मीटरांवरील घर पहिल्या हिशेबानें वांचतें, दुसऱ्यानें बुडतें! आज संगणक उताराचे लहान लहान चौकोन पाडून चिखलाची वाट, वेग व जाडी काढतो. आणि पूर्वीच्या दरडींशीं तो हिशेब ताडून पाहतात.

कोणी म्हणेल, हा अदमास चुकला तर? चुकेल, म्हणूनच एक रेषा न आंखतां अधिक व उण्या धोक्याचे पट्टे दाखवावे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. डोंगर हाच ज्यांचा पोशिंदा, त्यांस नकाशा दाखवून ‘उठा’ म्हणणें म्हणजे अर्धें काम होय. शेत, रान व शाळा जवळ राहतील अशी जागा त्यांच्या संमतीनें द्यावी. आणि नकाशा कचेरींत न ठेवतां वाडीच्या शाळेंत, समजेल अशा भाषेंत लावावा.

विद्यार्थिबंधूंनो, आपणही अगदींच हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवणें, उतारावरील नवी भेग, कललेलें झाड किंवा अकस्मात् गढूळ झालेला झरा वडीलधाऱ्यांस कळविणें, हें आपल्या आवांक्यांतलें आहे. पालकांनींही अशी वार्ता पोरखेळ समजूं नये. डोंगर आपणांस थोपवितां येत नाहीं. त्याच्या वाटेंतून माणूस वेळींच बाजूस घेणें मात्र आपल्या हातीं आहे.