स्मारक दगडाचे की सेवेचे?

१८९७ च्या प्लेगमध्ये पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्चला त्यांची प्राणज्योत मालवली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने विद्याधन योजनेला त्यांचे नाव दिले, हे उचितच. परंतु सारे विद्यापीठावर सोपवून समाजाने स्वस्थ बसावे काय? सुरगाणा-पेठच्या पाड्यावरील कन्येला परिचारिका व्हायचे असते, तेव्हा शुल्काइतकाच वसतिगृहाचा नि भोजनाचा खर्च तिची वाट अडवतो. दिवंगत आप्तांच्या नावे संगमरवरी फलक बसविणाऱ्या कुटुंबांनी त्याऐवजी अशा एका विद्यार्थिनीच्या शिक्षणाचा भार उचलावा. फलकावरील अक्षरे पुसट होतात. रुग्णाच्या उशाशी रात्र जागणारी परिचारिका ते नाव जन्मभर जागते ठेवील.