भक्तांनो, आता वाचक व्हा!

परतवाड्याहून धारणीकडे निघालेली एस. टी. घाटाला लागली, की बहुतेक उतारू डुलक्या घेऊ लागतात. गेल्या उन्हाळ्यात मात्र माझ्या पुढच्या बाकावरच्या दोन कॉलेजकुमारांनी सेमाडोह येईपर्यंत कोणाचा डोळा लागू दिला नाही. दोघांच्या मांडीवर मिळून एकच जाडजूड पुस्तक होते. अमीश त्रिपाठी यांच्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'चा मराठी अनुवाद, 'मेलुहाचे मृत्युंजय'. पुस्तकाच्या कडा हाताळून हाताळून काळ्या पडल्या होत्या. ते पाहून माझ्यातला मास्तर सुखावला आणि मी विचारले, "यातलं काय आवडलं?"

"सर, एक नंबर पुस्तक हाय!"

"ते कळलं. पण काय आवडलं?"

पोरे गप्प झाली. मी म्हटले, मला कल्पना आवडली, पण इ. स. पूर्व 1900 मधली ही माणसे आजच्या कचेरीतल्या माणसांसारखी का बोलतात, ते उमगले नाही. त्यावर एकाने शांतपणे उत्तर दिले, "तुमी सोता लेखक, म्हणून तुमाले तसं वाटते." एवढ्यात शेजारच्या बाकावरच्या एका सुशिक्षित वृद्ध गृहस्थांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली आणि निकाल दिला, "अहो, हे का वाङ्मय आहे? पोरखेळ नुसता!"

माझे भांडण त्या पोरांशी आहे आणि त्या गृहस्थांशीही. आधी गृहस्थांचा समाचार घेतो.

अमीश त्रिपाठी हे मुंबईचे. कलकत्त्याच्या आय. आय. एम. मध्ये शिकले आणि आर्थिक क्षेत्रात नोकरी करता करता त्यांनी ही कादंबरी लिहिली. वीसेक प्रकाशकांनी ती नाकारली, असे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे. तरुणांना धर्मकथा नको आणि म्हाताऱ्यांना असली धर्मकथा नको, असा प्रकाशकांचा हिशेब. शेवटी 2010 साली त्यांच्या एजंटानेच पुस्तक छापले. पहिले प्रकरण पुस्तकांच्या दुकानांतून फुकट वाटले गेले, सिनेमाची करतात तशी चित्रफीत करून पुस्तकाची जाहिरात झाली, आणि ज्याला कोणी दारात उभे करत नव्हते त्या लेखकाच्या दारात वाचकांची रांग लागली. 2011 आणि 2013 साली पुढचे दोन भाग आले. या साऱ्यात शरमेचे काय आहे? प्रकाशकाने दार लावले म्हणून माणसाने खिडकीतून वाचकाला हाक मारली, इतकेच ना?

आणि खिडकीतून हाक मारण्याची परंपरा आम्हां मराठी लोकांना नवी थोडीच आहे! 1960 नंतरच्या लघुनियतकालिकांनी दुसरे काय केले? प्रस्थापित मासिकांत जागा नव्हती, तेव्हा तरुण कवींनी पदरमोड करून, चक्रमुद्रित कागद टाचून आपले वाङ्मय स्वतःच काढले. आज त्याच फाटक्या अंकांवर प्रबंध लिहिले जातात. मग कवीने स्वतः छापले तर ते बंड, आणि अद्भुत कथा लिहिणाऱ्याने छापले तर तो बाजार, हा न्याय कोणत्या स्मृतीतला?

राहिला प्रश्न 'पोरखेळा'चा. मराठी कादंबरीची बाल्यावस्था याच पोरखेळात गेली. 1861 सालची हळब्यांची 'मुक्तामाला', 1868 सालची रिसबुडांची 'मंजुघोषा' या अद्भुतरम्य कथाच होत्या. 1913 साली नाथमाधवांचा 'वीरधवल' आला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचता वाचता कित्येकांची अक्षरओळख पक्की झाली. नारायण धारपांची भयकथा भाड्याच्या वाचनालयातून उशीखाली घेऊन निजणारी एक अख्खी पिढी होऊन गेली, पण विद्वानांच्या चर्चेत धारपांना पाटावर बसवले गेले नाही, ओसरीवरच ठेवले. 2008 साली धारप वारले. पुढे दहा वर्षांनी, 2018 साली, 'तुंबाड' हा चित्रपट आला, आणि नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकलेल्या धारपांच्या कथेतून त्याचे बीज पडले, असे दिग्दर्शक राही बर्वे यांनी सांगितले, तेव्हा कुठे काहींना आठवले, की अरेच्या, हा माणूस आपलाच होता! धारपांना इतकी वर्षे जिवंत ठेवले ते समीक्षकांनी नव्हे, उशीखाली पुस्तक ठेवणाऱ्या त्या वाचकांनी. म्हणून गृहस्थहो, वाचकाच्या उत्साहाला हसू नका. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. अभिरुचीचा जो काही दिवा माझ्याजवळ आहे, तो असल्याच पुस्तकांच्या काडीने पेटलेला आहे.

आता पोरांकडे वळतो.

मित्रांनो, तुमच्या लेखकाला प्रकाशकांनी अडवले, याचा तुम्हांला राग आहे. रास्त आहे. प्रकाशक दारावर उभा राहून म्हणत होता, "आत येऊ देणार नाही." आज त्याच दारावर तुम्ही उभे आहात आणि म्हणता, "या लेखकाबद्दल वेगळे बोलणाऱ्याला आत येऊ देणार नाही." पहारेकरी बदलला, पहारा तोच राहिला! दोष दाखवला की तो मत्सर, शंका काढली की तो अधर्म, आणि सगळ्यावर कडी म्हणजे, "लाखो प्रती खपल्या, त्या काय उगीच?" अहो, खपाचा आकडा एवढेच सांगतो की पुस्तक खपले. वाचले किती, कळले किती, लक्षात किती राहिले, हे त्या आकड्याला विचारून उपयोग नाही. ते तुम्हांलाच विचारावे लागते. आणि विचारले, तर तुम्ही "एक नंबर" म्हणून गप्प बसता.

स्वतःच्या बळावर छापणाऱ्या लेखकाला तर तुमची गरज अधिक आहे. मोठ्या प्रकाशनसंस्थेत संपादक असतो. तो पाने कापतो, "हे प्रकरण पुन्हा लिहा" म्हणून हस्तलिखित परत पाठवतो. माझेही असे एक परत आले होते. आठ दिवस मी जेवलो नाही नीट, पण परत आलेली ती कादंबरी पहिलीपेक्षा बरी झाली, हे कबूल केले पाहिजे. ज्या लेखकाला असा संपादक नाही, त्याचा संपादक म्हणजे वाचक. तो वाचकच नुसत्या टाळ्या पिटू लागला, तर लेखकाने सुधारावे कोणाच्या बोलण्यावरून? टाळ्यांनी लेखक मोठा होत नाही, सैल होतो.

भक्ती वाईट, असे माझे म्हणणे नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्यातून 'लीळाचरित्र' उभे राहिले आणि मराठी गद्याचा पाया पडला. म्हाइंभट भक्तच होते; पण त्यांची भक्ती जयजयकार करून थांबली नाही. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना शोधत ते गावोगाव फिरले, विचारले, पडताळले आणि मग लिहिले. वऱ्हाडच्या मातीने एवढा मोठा धडा घालून दिला असताना, आपण भक्तीचा अर्थ घोषणा एवढाच का करावा?

आणि आता माझ्या मनातले खरे शल्य. तुमच्या कादंबरीतला शिव हा तिबेटातला एका टोळीचा नायक आहे. सोमरस पिऊन त्याचा गळा निळा होतो आणि लोक त्याला तारणहार मानतात. छान कल्पना आहे. पण तुम्ही ज्या रानातून एस. टी.ने जाता, त्या सिपन्याच्या काठी एक दुसरा महादेव राहतो, त्याची ओळख आहे का तुम्हांला? कोरकूंची कथा अशी आहे, की सातपुड्याचा प्रदेश ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनवले, येथे माणसे वसव. महादेवाने तांबड्या मातीच्या दोन मूर्ती केल्या. इंद्राचे घोडे आले आणि त्यांनी त्या तुडवल्या. तेव्हा महादेवाने कुत्रा निर्माण केला. कुत्र्याने घोड्यांना पिटाळून लावले, आणि मग त्या मूर्तींत प्राण भरला. ते मुला आणि मुलई, कोरकूंचे आईबाप. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या ग्रंथात ही कथा नोंदलेली आहे. म्हणजे इंग्रजीत ती शंभर वर्षांपूर्वीच पोचली! रावणाने माणसांसाठी रदबदली करावी आणि माणसाचा पहिला राखणदार कुत्रा व्हावा, याहून अद्भुत काय असते?

या कथेला एजंट नाही, चित्रफीत नाही, फुकट वाटायला पहिले प्रकरणही नाही. कोरकू ही मुंडा शाखेतली भाषा, तिला स्वतःची जुनी लिपी नाही. ती देवनागरीत लिहावी लागते. सांगणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या आहेत. माझ्या वर्गातली कोरकू पोरे मला आजीची गोष्ट सांगताना लाजतात आणि पाठ्यपुस्तकातली घडाघडा म्हणतात. कारण छापलेली तीच खरी, अशी त्यांची समजूत आहे. प्रकाशकांनी नाकारलेल्या लेखकाचे तुम्ही कैवारी म्हणवता ना? मग ज्यांच्यापर्यंत नकार द्यायलासुद्धा कोणी प्रकाशक आला नाही, त्यांचे कैवारी कोणी व्हायचे? आता दहा-वीस प्रतीसुद्धा छापता येतात. एका आजीच्या पाच गोष्टी, सोळा पानांची पुस्तिका. तुमच्या उत्साहाचा शंभरावा हिस्सा या कामी आला, तरी सेमाडोहच्या शाळेच्या कपाटात एक नवा फळा भरेल.

तेव्हा पोरांनो, आवडत्या लेखकाचे पुस्तक जरूर घ्या, दुसऱ्याला वाचायला द्या, त्याच्यासाठी भांडासुद्धा. पण वाचताना हातात पेन्सिल असू द्या. जिथे पटले नाही तिथे खूण करा, आणि ती खूण लेखकाला पत्राने कळवा. तो खरा असेल तर रागावणार नाही. आणि पुढच्या खेपेस एस. टी.त भेटलात, तर मी पुन्हा तेच विचारणार आहे : काय आवडलं?

तेव्हा मात्र उत्तर तयार ठेवा.