पंख कोणी बनवला?

परवा लंचला एका सहकाऱ्याने मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून माझ्या पंखाची किंमत काढली. पंख म्हणजे मॉडेल विमानाचा. "किती तास लागले?" मी म्हटलं, गोंद वाळायची वाट बघण्यातले तास सोडले तर चौदा. त्याने माझ्या पगाराचा (त्याच्या अंदाजाने) ताशी दर काढला, चौदाने गुणलं आणि फोन माझ्यासमोर धरला. "एवढ्यात तयार विमान येईल रे, वर पैसे उरतील. बिल्ड की बाय? क्लायंटला आपणच शिकवतो ना?"

माझ्या तोंडात पराठा होता. म्हणून उत्तर इथे देतोय.

आधी थोडी ओळख. माझा छंद म्हणजे कंट्रोल लाईन विमानं. रिमोट नाही, रेडिओ नाही. वर्तुळाच्या मध्यभागी मी उभा, हातात हँडल, त्याला दोन पोलादी तारा, साठ-सत्तर फुटांच्या, आणि त्या तारांच्या टोकाला ताशी ८५-९० किलोमीटरने गरगर फिरणारं विमान. एक तार ओढली की नाक वर, दुसरी ओढली की खाली. एवढ्या दोनच गोष्टींवर लूप, चौकोनी लूप, त्रिकोण, आडवे-उभे आठ, वाळूचं घड्याळ, चार पाकळ्यांचं फूल असं सगळं सात-आठ मिनिटांत काढून दाखवायचं. जज बाजूला बसून गुण देतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात, एनसीसीच्या एअर विंगमध्ये. पुढे नोकरीने ओहायोत आणून टाकलं, आणि कळलं की या खेळाची अमेरिकेतली पंढरी, इंडियाना राज्यातलं मन्सी, इथून गाडीने अडीच-तीन तासांवर आहे. मग काय, लागलं वेड.

आता पंख. माझ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर, आतून फोमचा, वरून बाल्साच्या दीड मिलिमीटर जाडीच्या फळ्या. फोम म्हणजे साधा, पांढरा, मण्यामण्यांचा. एका घनमीटरला १६ किलो भरणारा. आपल्याकडे त्याला थर्माकोल म्हणतात. आणि तो कापायची विद्या मी अमेरिकेत नाही, डोंबिवलीत शिकलो. सोसायटीच्या गणपतीचं मखर! शेगडीच्या कॉइलमधली नायक्रोमची तार, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ट्रान्सफॉर्मर, लाकडी धनुष्य, आणि "हात हलवू नकोस रे गाढवा" असं ओरडणारा वरच्या मजल्यावरचा दादा. (२०१८ साली महाराष्ट्रात बंदी आली त्यात थर्माकोलची मखरंही गेली. योग्यच झालं. विसर्जनानंतरची खाडी मी पाहिलेली आहे. माझे पंखही त्याच जातीच्या मालाचे, आणि कापून उरलेल्या चुऱ्याचं काय करायचं हे मला अजून नीट जमलेलं नाही, हेही कबूल करून टाकतो.)

पण मखरातली कमान चुकली तर वर जिलेटीन पेपर चिकटवता येतो. पंखात ते चालत नाही.

फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाच्या आकाराच्या पट्ट्या लावायच्या. मी सनमायकाच्या करतो, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत घासून. तापलेली तार या दोन पट्ट्यांवरून सरकते आणि मधला फोम वितळत जातो. गंमत अशी की विमानाच्या अंगाजवळ पंख २८ सेंटीमीटर रुंद आहे आणि टोकाला २०. म्हणजे दोन टोकांना दोन माणसं, आणि दोघांनी वेगवेगळं अंतर एकाच वेळात कापायचं. म्हणून पट्ट्यांवर आकडे लिहिलेले असतात आणि एकजण मोठ्याने म्हणत जातो: तीन... साडेतीन... चार. तार फार तापली तर जास्त फोम खाते. कमी तापली तर मधला भाग मागे रेंगाळतो. दोन्ही टोकांना आकार बरोबर, आणि मधोमध पंखाचं नाक चपटं. एकाने घाई केली तर फोमवर लाटा उमटतात. हे सगळं वाचून येत नाही. हाताला तारेची ओढ जाणवावी लागते, ती ओढ समोरच्याच्या हातातून आपल्याकडे येते.

कापून झालं की वरचा आणि खालचा उरलेला फोम टाकायचा नाही. ते पंखाचं अंथरूण-पांघरूण. बाल्साच्या फळ्यांना आतून इपॉक्सी लावायचं, जुन्या क्रेडिट कार्डाने खरवडून खरवडून जवळजवळ सगळं काढून टाकायचं, गाभ्यावर बसवायचं, परत त्या अंथरुणा-पांघरुणात ठेवून वर वजन ठेवायचं आणि झोपायला जायचं. पहिल्या पंखाला मी ९० ग्रॅम इपॉक्सी लावलं होतं. तो पंख अजून गराजमध्ये आहे, दाराला टेकू म्हणून.

इथे हिशोब बघा, कारण कॅल्क्युलेटर मलाही चालवता येतो. या आकाराच्या पंखाला दोन्ही बाजू मिळून सुमारे ११०० घन सेंटीमीटर बाल्सा लागतो. बाल्सा हलका असेल तर ११० ग्रॅम. दुकानात हाताला येईल तो उचललात तर सहज २२० ग्रॅम. पावणेदोन किलोच्या विमानात ११० ग्रॅमचा फरक म्हणजे काटकोनी वळणावर विमान वळतं की घसरतं, एवढा फरक. फळी फळी तोलून निवडणारा माणूस हा फरक फुकटात मिळवतो. तयार पंख घेणाऱ्याला तो मिळाला की नाही हे विचारायची सोयसुद्धा नसते.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पीळ. फळ्या चिकटत असताना टेबल सपाट नसेल, तर पंख पिळलेला वाळतो आणि जन्मभर तसाच राहतो.

आता भांडणाकडे येतो. अमेरिकेत या खेळाचे नियम एएमए, म्हणजे अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स, करते. त्यात उड्डाणाच्या गुणांशिवाय विमानाच्या देखणेपणाला २० पर्यंत गुण आहेत. पण ते मिळवायचे तर विमान उडवणाऱ्यानेच बांधलेलं हवं. दुसऱ्याचं विमान आणलंत तर मनाई नाही, उडवा. ते गुण मात्र शून्य. आंतरराष्ट्रीय एफ२बी वर्गात देखणेपणाचे गुणच नाहीत, त्यामुळे तिकडे विकतचं विमान चालून जातं. आमच्याकडे दर काही वर्षांनी कोणीतरी उठतो आणि म्हणतो, हा नियम काढा. वेळ कोणाकडे आहे? म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, तरुणांना बांधता येत नाही, आणि मैदानावर माणसंच येईनाशी झाली आहेत.

यातलं शेवटचं खरं आहे. आमच्या मैदानावर पन्नाशीच्या आतले आम्ही तिघं.

दुसरं टोक म्हणजे कर्मठ लोक. त्यांच्या मते फोमचा पंख हीच पळवाट. खरा पंख बाल्साच्या फासळ्या एकेक कापून करायचा. त्यांना एवढंच सांगतो, १९७८ चा विश्वविजेता बॉब हंट हा फोमच्या पंखांसाठीच ओळखला जातो. फोमच्या साच्यात फासळ्यांचा पंख अचूक बांधायची पद्धतही त्याने लोकप्रिय केली. त्याला पळपुटा म्हणून दाखवा.

नियमाच्या बाजूने मी का बोलतो? कारण मी तो मोडलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या तोंडावर आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. तीन महिने वीकेंड गायब. मी एका माणसाकडून फळ्या चढवून तयार असलेला पंख विकत घेतला. बाकी विमान मी केलं. शेपूट, सांगाडा, रंग, पॉलिश, सगळं. रंग तर असा जमला होता की विचारू नका. स्पर्धेच्या सकाळी विमानं रांगेत लावली, जजने विचारलं, "तूच बांधलंस?" मी म्हटलं, "हो."

आता यावर वकिली करता येते. नियमाची भाषा साधारण अशी आहे की नेहमीच्या किटमध्ये जेवढं आयतं येतं त्याहून जास्त आयतं नको. कापलेला गाभा किटमध्ये येतो, मग फळ्या चढवलेला का नको? मी ही वकिली मनातल्या मनात आठवडाभर केली होती. जिथे एवढी वकिली लागते तिथे उत्तर काय ते आपल्याला ठाऊक असतंच. मला १६ गुण मिळाले आणि मी तिसरा आलो. चौथा माझ्याहून तीन गुणांनी मागे होता. तो ब्याऐंशी वर्षांचा आहे आणि तापल्या तारेचं दुसरं टोक गेली नऊ वर्षं त्याच्याच हातात असतं.

तो काही बोलला नाही. रंग छान झालाय म्हणाला.

त्या विमानाला एक खोड होती. सरळ उडताना बाहेरचा पंख खाली, उलटं उडताना वर. फ्लॅप वाकवून सरळ रेषेत ठीक केलं, तर वळणावर डोलायचं. मी दोन महिने टोकातलं शिसं कमी-जास्त करत बसलो, म्हणजे कोडमधला बग सोडून सर्व्हर रिस्टार्ट करण्याचा प्रकार. शेवटी म्हाताऱ्याने ते टेबलावर ठेवून दोन्ही टोकांचे कोन मोजले. बाहेरच्या पंखात जवळजवळ एक डिग्री पीळ. विकणाऱ्याची चूक, की माझ्या गराजमधल्या उन्हाळ्याची? मला आजही सांगता येत नाही. तो पंख कोणत्या टेबलावर वाळला, किती वजनाखाली, हे मला माहीतच नाही. मोजताना मी त्याला पंखाचं खरं काय ते सांगितलं. "ठाऊक आहे," म्हणाला, "तू नंबर कधी म्हटलेच नव्हतेस." दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना ईमेल केला, माझे १६ गुण गेले, निकाल बदलला. मधले दोन महिने माझ्या शेल्फवर असलेलं तिसऱ्या क्रमांकाचं शील्ड मी नेऊन दिलं, ते त्याने अवजारांच्या खोक्यात टाकलं.

तर आता त्या कॅल्क्युलेटरबद्दल. तासाला पैसे लावायचे तर नीट लावा. मग रविवारी सकाळी मैदानात उभं राहून गोल गोल फिरण्याचेही लावा. त्यासाठीही माझ्याहून चांगला माणूस भाड्याने मिळेल. मी घरी बसून व्हिडिओ बघीन. क्लायंटला आपण "विकत घ्या" सांगतो ते पेरोलच्या सॉफ्टवेअरबद्दल, कारण पेरोल करण्यात त्याला काही मजा नसते. जे करायचं म्हणूनच आपण शनिवारी सकाळी सहाला उठतो तेच आउटसोर्स करणं याला बचत म्हणत नाहीत.

थरथरणाऱ्या हातांचा मुद्दा राहिला. तो मी सोडून देत नाही. पण नियम काढा म्हणणाऱ्यांमध्ये मला थरथरते हात कमीच दिसले. दिसले ते माझ्यासारखे. पगार बरा, वेळ कमी, आणि पोडियमवर उभं राहायची घाई. ज्यांचे हात खरंच चालत नाहीत ते आजही दुसऱ्याचं विमान उडवू शकतात. त्यांना मैदानातून कोणी हाकललेलं नाही. आणि तरुणांना बांधता येत नसेल तर त्यांना तारेचं एक टोक द्या की! वीस मिनिटांत आकडे मोजायला शिकतात. तयार विमान हातात दिलेली दोन मुलं आमच्याकडे आली होती. पहिल्याच मोसमात दोघांनी विमानं जमिनीत घातली. दुरुस्त करता येईना, परत आली नाहीत.

माझं म्हणणं तर उलट आहे, नियम अजून कडक करा. गाभा कोणीही कापलेला चालेल, पण फळ्या ज्याच्या त्याने चढवायच्या. पीळ आणि वजन दोन्ही तिथेच ठरतात, म्हणून रेघही तिथेच. पुढच्या वेळी नियमबदलाचे प्रस्ताव मागवतील तेव्हा मी हे लिहून पाठवणार आहे. हरेन बहुतेक.

येत्या शनिवारी दोन पंख कापायचे आहेत. कोलंबसच्या आसपास कोणी मराठी मंडळी असाल तर सकाळी आठला या, चहा आणि पोहे माझ्याकडे. सुती कपडे घाला, गराजचं दार उघडं असतं, धुराने डोकं दुखतं. आणि फेविक्विकच्या जातीचा साधा गोंद खिशात आणू नका. मागच्या वेळी एकाने मदत म्हणून फोमच्या चिरेत दोन थेंब टाकले, आणि पंखाला आरपार भोक पडलं. :)