रिकामा चौकोन म्हणजे आजार नव्हे

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की नृसिंहवाडीचं दत्तमंदिर पाण्याखाली जातं. उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात आणि नित्यपूजा तिथे चालू राहते. सेवेत खंड पडला, असं कुणी म्हणत नाही. याच गावात सुट्टीला आलेला संगणक अभियंता मात्र रात्री अकराला लॅपटॉप उघडतो. काम तातडीचं नसतं. ‘गिटहब’वरचा आजचा चौकोन तेवढा हिरवा करायचा असतो.

गिटहब हे संगणक प्रणाली एकत्र मिळून लिहिण्याचं व्यासपीठ. २०१३ पासून तिथे प्रत्येकाच्या वर्षभराच्या कामाचा तक्ता दिसतो. दिवसाला एक चौकोन. नोंदी जितक्या जास्त, तितका हिरवा रंग गडद. सलग किती दिवस काम केलं, याचा आकडाही पूर्वी दिसे. २०१६च्या मे महिन्यात तो काढला गेला. त्या बदलाचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा गेल्यावर लांबलचक सलग मालिका कमी झाल्या, शनिवार-रविवारचं काम घटलं आणि दिवसाला जेमतेम एकच नोंद करण्याचं प्रमाणही उतरलं. म्हणजे त्यातलं काही काम गरजेपोटी नव्हे, तर आकड्यापोटी होत होतं.

खाटेला लावलेला तापाचा तक्ता उपयोगी असतो, पण तो ताप दाखवतो, रोगी नव्हे. या हिरव्या तक्त्याचंही तसंच आहे. विचार करणं, वाचणं, नवख्या सहकाऱ्याला समजावणं त्यात उमटत नाही. उलट नोंदीची तारीख मागेपुढे करून चौकोन खोटे रंगवताही येतात. तरीही नोकरी देताना कुणी हे चौकोन मोजत असेल, तर ते अन्यायाचं आहे. रिकाम्या आठवड्यांमागे बाळंतपण, आजारपण किंवा आईवडिलांची शुश्रूषा असू शकते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. तेव्हाचा रिकामा चौकोन आळसाचा कसा म्हणायचा?

शरीराचा हिशोब वेगळा असतो. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. झोपेतच दिवसभराचं शिकलेलं मेंदूत पक्कं होतं. ती कापून मिळवलेला हिरवा रंग दुसऱ्या दिवशी चुकांच्या रूपाने वसूल होतो.

म्हणून तक्ता जरूर पाहावा, पण महिन्यातून एकदा, आरशासारखा. आठवड्यातला एक चौकोन ठरवून रिकामा ठेवावा. रात्री दहानंतर केवळ नोंदीसाठी लॅपटॉप उघडू नये. एक दिवस चुकल्याने जीव कासावीस होत असेल, झोप उडत असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर डॉक्टरांशी बोलावं. त्यात कमीपणा नाही.

पाणी ओसरलं की वाडीचं मंदिर धुऊन पुसून पुन्हा उघडतं. बुडालेल्या दिवसांचा जाब देवाला कुणी विचारत नाही. माणसालाही विचारू नये.