सांगून येते, ऐकणारा हवा

‘हिमस्खलन सांगून येत नाही’ हे गुलमर्गविषयीचे पत्र वाचले. त्यातला खटकणारा भाग पुढचा: वादळ सरले, लख्ख ऊन पडले, आता भीती कसली? अहो, भीती नेमकी तेव्हाच! नुकताच पडलेला आणि वाऱ्याने आडोशाच्या उतारावर आणून टाकलेला बर्फ खालच्या कच्च्या थरावर नुसता टेकलेला असतो. तीव्र उतारावर, विशेषतः 30 ते 45 अंशांच्या, तो सुटायला एका स्कीअरचे वजन पुरते. अशा अपघातांत बहुतेकदा बर्फ सुटायला कारण ठरणारा माणूस त्याच गटातला असतो. ‘दैवी आपत्ती’ म्हणून हात झटकणे मला पटत नाही. गुलमर्गच्याच अफरवट परिसरात फेब्रुवारी 2023 मध्ये दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन. दोन्ही वेळा आधी भरपूर बर्फ पडला होता.

बर्फात गाडलेल्यांना पहिल्या पंधरा मिनिटांत काढले तर बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर फार थोडे. तेवढ्यात खालून मदत पोचणे कठीण. सोबत्याकडचा बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची शोधकाठी) आणि फावडे, हीच मदत. गोंडोलाने (रोपवेने) वर जाऊन हद्दीच्या दोरीपलीकडे ‘एकच फोटो’ काढायला धावणाऱ्या आपल्या मंडळींकडे यातले काय असते?

– एक वाचक, पुणे